मूळ चित्र आणि त्याचे नवे अवतार

गेल्या भाद्रपदांत आम्ही चार दिवस लिंबागणेश येथें बहिणीच्या घरीं होतों. बीड तालुक्यांतील हें गांव तेथील गणपतीच्या स्थानामुळें मराठवाड्यांत परिचित आहे. एके सायंकाळीं देवदर्शन करून आम्ही परतलों, तों ओसरीवर आमच्या दोघां भाच्यांत कडाक्याचा वाद जुंपलेला. वादाचा विषय पाऊसपाण्याचा नव्हता कीं निवडणुकीचाहि नव्हता. तो होता एका जपानी चित्रपटाचा. थोरल्याचें म्हणणें असें कीं, १९९५ सालीं निघालेलें मूळ चित्र तेंच खरें. धाकटा म्हणे, ज्यानें तें काढलें त्यानेंच पुढें तें सुधारून पुन्हां लोकांपुढें ठेविलें आहे. मग धन्यानेंच मागें टाकलेलें जुनें आपण कां कवटाळून बसावें? शेवटीं दोघेहि आमच्याकडे वळले. "मामा, आतां तुम्हीच सांगा, यांतलें खरें कोणतें?"

तत्काळ उत्तर देण्याइतकी आमची तयारी नव्हती. तेव्हां हीं दोन्ही चित्रें, आणि त्यांच्या मागचीं-पुढचीं आणखी कांहीं, आम्हीं पाठोपाठच्या तीन रात्रीं भाच्यांच्या शेजारीं बसून पाहिलीं. पाहतां पाहतां ध्यानांत आलें कीं, पोरांनीं विचारलेला प्रश्न परका नाहीं. आपल्या महाराष्ट्राच्या चित्रपटसृष्टीच्या अगदीं पहिल्या पानावर तोच प्रश्न लिहिलेला आहे, आणि आपण तें पान नीट न वाचतांच उलटीत आलों आहों. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या जपानी चित्रांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण आमच्या वयाच्या पुष्कळ वाचकांस तीं लहान पोरांचीं करमणुकीचीं चित्रें वाटतात. हातानें काढलेलीं चित्रें एकामागून एक छायाचित्रित करून तीं हालतीं करावयाचीं, ही कला जपानांत फार वाढली आणि "ॲनिमे" या नांवानें जगभर पसरली. तिच्यांतील एका प्रकारास "सायबरपंक" म्हणतात. यंत्रें अतोनात पुढारलेलीं आणि माणसें तितकींच दीन. आभाळास भिडलेल्या इमारती आणि त्यांच्या पायथ्याशीं साचलेली घाण. माणसाच्या देहांत यंत्र शिरलेलें आणि यंत्राच्या पोटांत मन जागें होऊं पाहणारें, अशा भावी नगरांच्या या कथा असतात.

या प्रकारांतील पहिलें जगप्रसिद्ध चित्र म्हणजे कात्सुहिरो ओतोमो यांचें "अकिरा". जपानांत तें १६ जुलै १९८८ रोजीं प्रदर्शित झालें. त्याचा आधार ओतोमो यांचीच चित्रकथा होती. ती १९८२ पासून १९९० पर्यंत नियतकालिकांतून क्रमशः येत होती. म्हणजे कथा पुरी होण्यापूर्वींच कर्त्यानें तिचें चित्र काढलें, आणि दोहोंच्या वाटा निराळ्या झाल्या. एका प्रचंड स्फोटांत टोकियो शहर नष्ट झालें आहे; त्याच्याजवळ उभें केलेलें नवें टोकियो २०१९ सालीं पुन्हां विनाशाच्या काठावर आलें आहे, अशी ही कथा. १९४५ सालीं ज्या राष्ट्रानें दोन अणुबाँब सोसले, त्याच्या मनांतलें भय त्यांत स्पष्ट दिसतें. चित्रासाठीं सुमारें एक लक्ष साठ हजार पारदर्शक पट हातानें रंगविले गेले. पात्रांचीं संभाषणें आधीं ध्वनिमुद्रित करून ओठांच्या हालचाली त्यांबरहुकूम रेखाटल्या. त्या काळीं जपानांत ही रीत सर्रास नव्हती. चित्र पाहतांना आमच्या थोरल्या भाच्यानें मोटारसायकलींच्या मागें ओढल्या जाणाऱ्या तांबड्या दिव्यांच्या रेषा आम्हांस दोनदां दाखविल्या; आणि खरोखर, त्या कोणा माणसाच्या हातानें ओढल्या आहेत हें एकदां कळल्यावर त्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

दुसरें चित्र, ज्यावरून वाद झाला तें, मामोरू ओशी यांचें "घोस्ट इन द शेल". मासामुने शिरो यांची चित्रकथा १९८९ पासून प्रसिद्ध होऊं लागली. तिच्यावरून ओशी यांनीं १९९५ च्या नोव्हेंबरांत हें ऐंशी-ब्यांशी मिनिटांचें चित्र पुढें आणलें. नायिका मोतोको कुसानागी ही पोलीसखात्यांतील एक अधिकारी. तिचा सारा देह कारखान्यांत बनलेला आहे. तिचें स्वतःचें असें कांहीं असलें तर तो मेंदूचा अंश व त्यांतील "घोस्ट", म्हणजे आपण ज्यास जीव किंवा आत्मा म्हणूं तो. हा जीव तरी खरोखर आपला कशावरून, ही शंका तिला अखेरपर्यंत सोडीत नाहीं.

या चित्रांतील एक प्रसंग आमच्या मनांतून जाईना. कचऱ्याची गाडी हांकणारा एक साधा माणूस आहे. बायको घटस्फोट मागते आहे, मुलीला भेटूं देत नाहीं, हें त्याचें दुःख; आणि त्या दुःखापायीं तो नकळत एका गुन्ह्यांत ओढला जातो. पोलीस त्याला पकडून सांगतात कीं, तुला बायको नाहीं, मुलगी नाहीं. तूं एकटाच एका खोलींत राहतोस. या साऱ्या आठवणी कोणीं तरी तुझ्या डोक्यांत बाहेरून घातल्या आहेत. मुलीचा म्हणून जो फोटो तो लोकांना दाखवीत असे, त्यांत मुलगी नसतेच. खोट्या आठवणी काढतां येतील का, असें तो विचारतो. आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. या प्रसंगाची गांठ आपल्या विषयाशीं कशी पडते तें पुढें येईल.

आतां नव्या अवतारांकडे वळूं. २००८ सालीं ओशी यांनीं स्वतःच हें चित्र पुन्हां हातीं घेतलें. कांहीं प्रसंग हातचित्रांऐवजीं संगणकानें घडविले. मूळची हिरवट छटा पुष्कळ ठिकाणीं नारिंगी केली. आवाज नव्यानें जुळविला. आणि ज्या अदृश्य पात्राभोंवतीं सारी कथा फिरते, त्याचा पुरुषाचा आवाज काढून तेथें स्त्रीचा आवाज घातला. या आवृत्तीच्या नांवापुढें "२.०" असा आंकडा आहे. आमचें प्रामाणिक मत विचाराल तर, नवी कारागिरी मूळच्या शेजारीं उपरी दिसते. पहिल्याच दृश्यांत संगणकनिर्मित नायिका आणि पुढच्या दृश्यांत हातानें रेखाटलेली नायिका एकमेकींस ओळख देत नाहींत. पण धाकट्या भाच्याच्या बाजूनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे: स्त्रीच्या आवाजानें शेवटच्या संवादाला एक निराळाच अर्थ येतो, आणि तो अर्थ शोधण्याचा कर्त्यास पूर्ण अधिकार होता.

तिसरा अवतार अमेरिकेंतला. २०१७ सालीं रूपर्ट सँडर्स यांनीं याच नांवाचें चित्र खऱ्या नटनटींकडून करविलें. नायिका स्कार्लेट जोहानसन. जपानी नायिकेच्या जागीं गोरी नटी कां, या प्रश्नावर बराच गदारोळ झाला. परंतु आम्हांस खटकलें तें निराळेंच. मूळ चित्रांत नायिका आपला भूतकाळ शोधीत बसत नाहीं. ती आपल्या सीमा ओलांडून एका नव्या अस्तित्वांत विलीन होते. अमेरिकन चित्रांत तिला आपलें हरवलेलें नांव सांपडतें, आई सांपडते, आणि चोरलेला भूतकाळ परत मिळाल्यावर तिचें समाधान होतें. एकानें विचारलें होतें, "मी काय होऊं शकेन?" दुसऱ्यानें विचारलें, "मी कोण होतें?" दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत, पण ते एक नव्हेत, आणि दोन्ही चित्रांच्या पाटीवर मात्र नांव एकच आहे.

एवढें झाल्यावर आमच्या बहिणीच्या सासूबाई, ज्या तिन्ही रात्रीं कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, एकच कथा दहा जणांनीं सांगितली तर बिघडलें कुठें? आमच्या लहानपणीं हरिश्चंद्राचें आख्यान दर बुवा निराळें लावायचे. रडूं मात्र दर वेळीं यायचें." त्यांच्या या बोलण्यानेंच आम्हांस हरिश्चंद्राची, म्हणजे चित्रपटांतल्या हरिश्चंद्राची, आठवण झाली.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट मुंबईंत पाहून, आपल्या देवादिकांचीं चित्रें पडद्यावर आणण्याचा त्यांनीं निश्चय केला, ही हकीगत सर्वश्रुत आहे. १९१२ सालीं ते लंडनला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले. या विद्येचा पहिला प्रयोग त्यांनीं कशावर केला? रोपाच्या वाढीवर. दाणा रुजून त्याला अंकुर फुटतो व वेल चढतो, हें त्यांनीं दिवसामागून दिवस थोडें थोडें टिपून सुमारें एका मिनिटांत पडद्यावर वाढवून दाखविलें. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं "आगकाड्यांची मौज" या नांवाचें एक लहान चित्र केलें. त्यांत आगकाड्या एक-एक हलवून व दर हालचालीचें छायाचित्र घेऊन त्या नाचविल्या होत्या. ओतोमो यांच्या एक लक्ष साठ हजार पटांमागें जें तत्त्व आहे, तेंच या काड्यांमागें होतें. ज्या कलेला आमचे भाचे जपानची म्हणतात, तिची एक ठिणगी आपल्या अंगणांतहि पडली होती. ती काड्यांची मौज आज पाहावयास मिळत नाहीं.

"राजा हरिश्चंद्र" या मूकपटाचा पहिला खेळ निमंत्रितांसाठीं २१ एप्रिल १९१३ रोजीं मुंबईच्या ऑलिंपिया नाट्यगृहांत झाला, व ३ मे १९१३ पासून गिरगांवांतील कोरोनेशन चित्रपटगृहांत तो सर्वांस खुला झाला. लांबी सुमारें ३,७०० फूट, रिळें चार. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांची. तारामतीसाठीं स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहांत स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके यांस लुगडें नेसवून उभें करावें लागलें. रोहिताश्व झाला तो फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. फितीला भोकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें सरस्वतीबाई फाळके यांनीं रात्रीं घरांत बसून केलीं. या माउलीचे हात त्या फितीवरून फिरले होते, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

चार वर्षांनीं, १९१७ सालीं, फाळक्यांनीं तीच कथा पुन्हां चित्रित केली आणि "सत्यवादी राजा हरिश्चंद्र" या नांवानें ती पुढें आणली. पहिल्या चित्राची प्रत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेतांना उन्हाच्या तापानें पेटली, म्हणून हा खटाटोप करावा लागला, असें सांगतात. कारण कांहींहि असो. कर्ता तोच, कथा तीच, आणि हात चार वर्षांच्या अनुभवानें अधिक सफाईचा. ओशी यांनीं जें २००८ सालीं केलें, तें आपल्या फाळक्यांनीं एक्याण्णव वर्षें आधीं केलें होतें.

आणि आतां मूळ दुखण्याकडे येऊं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत "राजा हरिश्चंद्र"चीं दोन रिळें, पहिलें व शेवटचें, जतन केलेलीं आहेत. भारतांतील पहिलें कथाचित्र म्हणून आपण ज्यांस नमस्कार करतों तीं हींच. परंतु चित्रपटाच्या इतिहासाचे कित्येक अभ्यासक म्हणतात कीं, हीं रिळें १९१३ च्या चित्राचीं नसून १९१७ च्या आवृत्तीचीं असावींत. तसें असेल तर पहिलें चित्र सर्वस्वीं गेलें, आणि त्याच्या देव्हाऱ्यांत त्याच्या धाकट्या भावाची पूजा चालली आहे. दरवर्षीं ३ मे आला म्हणजे वर्तमानपत्रांत तीं दृश्यें छापून येतात. खालीं साल असतें १९१३. कचऱ्याची गाडी हांकणारा तो माणूस खिशांतून फोटो काढून दाखवितो, त्याची आठवण आम्हांस येथें झाली. आपण राष्ट्र म्हणून जो फोटो दाखवितों, त्यांत आपण म्हणतों ती मुलगी नसण्याचाच संभव अधिक आहे.

यांत कोणा एकाचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या भडकन् पेट घेत, आणि न पेटल्या तरी दमट हवेंत आपोआप कुजून त्यांची भुकटी होई. शिवाय त्यांत चांदी असे. खेळ चालेनासा झाला कीं चांदी काढून घेण्यासाठीं रिळें मोडींत जात. मूकपटांच्या काळांत हिंदुस्थानांत तेराशेंहून अधिक चित्रें निघालीं; त्यांतील उरलीं तीं फारच थोडीं, आणि त्यांतहि पुष्कळांचे केवळ तुकडे. संग्रहालय निघालें १९६४ सालीं, म्हणजे फाळक्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं. आणि जपून ठेवलेलें तरी टिकतेंच असें नाहीं: जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून कित्येक जुनीं रिळें भस्मसात् झालीं.

जपानची गत याहून फार निराळी नाहीं. तेथें हातचित्रांचीं पहिलीं चलचित्रें निघालीं तीं १९१७ सालींच, म्हणजे फाळके आपला हरिश्चंद्र दुसऱ्यानें घडवीत होते त्याच वर्षीं. १९२३ चा भूकंप आणि पुढील महायुद्ध यांत त्या काळचें बहुतेक सारें गेलें. परंतु २००७ सालीं ओसाका येथें जुन्या वस्तूंच्या बाजारांत एका अभ्यासकास १९१७ मधील एक इवलेंसें चित्र सांपडलें. बोथट तलवार विकत घेऊन फसलेल्या एका सामुराईची ती विनोदी कथा आहे. नव्वद वर्षें कोणाच्या तरी अडगळींत तें पडून होतें. जर्मनींतील उदाहरण याहूनहि बोलकें आहे. फ्रिट्झ लांग यांचें "मेट्रोपोलिस" हें यंत्रनगरीचें चित्र १९२७ सालीं बर्लिनमध्यें दाखविलें गेलें व लौकरच त्याची काटछाट झाली. कापलेला भाग कायमचा गेला असें ऐंशी वर्षें सर्व समजत होते. पण २००८ सालीं अर्जेंटिनाच्या राजधानींत त्याची जवळजवळ पुरी प्रत मिळाली, आणि २०१० मध्यें जुनें चित्र पुष्कळसें पूर्ववत् उभें राहिलें. गंमत अशी कीं, जपानचे ओसामू तेझुका यांनीं या चित्राचें केवळ एक छायाचित्र पाहून १९४९ सालीं त्याच नांवाची आपली चित्रकथा रचली. तिच्यावरून २००१ सालीं रिन्तारो यांनीं ॲनिमे काढला, आणि त्याची पटकथा लिहिली ती "अकिरा"च्या ओतोमो यांनींच. एका भंगलेल्या मूळापासून कशी परंपरा फुटते, आणि मूळ पुन्हां सांपडलें म्हणजे तीच परंपरा कशी अधिक स्पष्ट दिसूं लागते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

तर मग नवे अवतार चांगले कीं वाईट? सासूबाईंचा प्रश्न टाळतां येण्याजोगा नाहीं. हरिश्चंद्राची कथा फाळक्यांनीं निर्माण केली नव्हती. ती पुराणांतून, आख्यानांतून, नाटकांतून शेंकडों वेळां सांगून झाली होती. लिंबागणेशासारख्या गांवीं, तेव्हांच्या निजामाच्या राज्यांत, ती पोंचली ती पडद्यावरून नव्हे तर कीर्तनकाराच्या मुखानें. ज्या संस्कृतीचा पुनःकथन हाच प्राण, तिनें पुनःकथनास नाक मुरडावें हें हास्यास्पद होय.

परंतु या बाबतींत आपल्याच गोदातीरावरील एका सत्पुरुषानें घालून दिलेला कित्ता आपण विसरतों. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ.स. १२९० सालीं, रचली गेली. पुढील तीन शतकांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यांत पाठभेद आणि पदरच्या ओव्या शिरल्या. पैठणच्या एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ.स. १५८४ सालीं, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढें कोणीं तींत आपली ओवी घालूं नये असें निक्षून बजावलें. नाथांस काव्य येत नव्हतें म्हणून नव्हे! त्याच नाथांनीं भागवताच्या एकादश स्कंधावर आपली स्वतंत्र टीका लिहिली. रामकथा नव्यानें सांगण्यासाठीं भावार्थरामायण हातीं घेतलें. तें अपुरें राहिलें तेव्हां पुढील भाग शिष्य गावबा यांनीं पुरा केला, आणि गुरूची ओवी कोठें संपते व शिष्याची कोठें सुरू होते हें परंपरेनें लक्षांत ठेविलें. दुसऱ्याचें शुद्ध करावयाचें तेव्हां आपलें कांहीं घालावयाचें नाहीं. आपलें सांगावयाचें तेव्हां तें आपल्या नांवानें सांगावयाचें. ही दोन कामें एकाच माणसानें केलीं आणि त्यांची भेसळ होऊं दिली नाहीं.

हा कित्ता हातीं घेतला म्हणजे भाच्यांचा वाद पुष्कळसा मिटतो. २०२० सालीं "अकिरा" मूळच्या पस्तीस मिलिमीटर फितीवरून धुऊनपुसून अधिक स्पष्ट स्वरूपांत पुन्हां पुढें आला. कथा, रेषा, क्रम कांहींहि बदललें नाहीं. हें नाथांचें पहिलें काम, शुद्धीचें. "प्रभात"च्या मंडळींनीं कोल्हापुरांत १९३२ सालीं हरिश्चंद्राचीच कथा घेऊन "अयोध्येचा राजा" हा बोलपट काढला. शांताराम यांचें दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, आणि तारामती दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांपूर्वीं स्वयंपाक्यास नेसवाव्या लागलेल्या लुगड्यावर आतां एका सुशिक्षित स्त्रीनें आपला हक्क सांगितला होता. नांव नवें, माध्यम नवें, अभिमान आपला. हें नाथांचें दुसरें काम. परेश मोकाशी यांचा "हरिश्चंद्राची फॅक्टरी" हा २००९ मधील चित्रपटहि याच वर्गांतला. तो फाळक्यांचें चित्र पुन्हां काढीत नाहीं, तें कसें काढलें गेलें याची गोष्ट सांगतो.

कठीण जागा आहे ती मधली: एकच कर्ता, एकच कथा, एकच नांव, आणि दोन चित्रें. बाबूराव पेंटर यांनीं "सावकारी पाश" १९२५ सालीं मूक काढला आणि १९३६ सालीं तोच विषय बोलका करून पुन्हां काढला. कथा दोन्ही वेळीं नारायण हरि आपटे यांची. मूक चित्रांत तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनीं केली होती. ती कशी केली होती हें आपल्याला केवळ ऐकून ठाऊक, कारण तें मूळ आज पाहावयास मिळत नाहीं. पेंटरांचा बोलपट चांगला कीं मूकपट, हा वाद घालण्याची सोयच काळानें ठेविली नाहीं. आमच्या भाच्यांस ती सोय आहे. ओशी यांनीं १९९५ चें चित्र नाहींसें केलें नाहीं. नव्याला निराळा आंकडा दिला आणि जुनें त्याच्या शेजारीं राहूं दिलें. म्हणूनच लिंबागणेशच्या ओसरीवर दोन पोरें दोन बाजू घेऊन भांडूं शकलीं.

देवळांत जाणाऱ्यांस हें शेंदराच्या दाखल्यानें लौकर पटेल. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या शेंदराचें लेपन होत आलें. २०२२ सालीं सुमारें अकराशें किलोचें तें कवच उतरविण्यांत आलें, तेव्हां खालची रेखीव मूर्ति भक्तांस दिसली. शेंदूर चढविणाऱ्यांनीं पाप केलें असें कोण म्हणेल? ती त्यांची भक्ति होती. पण खालचा पाषाण त्यांनीं हलविला नव्हता, म्हणूनच हें दर्शन शक्य झालें. चित्रपटांच्या बाबतींत आपण शेंदूर नव्या दगडावर चढविला, आणि जुना दगड कोठें गेला याची विचारपूस केली नाहीं.

आतां करण्याजोगें काय, असें वाचक विचारतील. दोन गोष्टी आम्हांस सुचतात. पहिली पाटीची. हरिश्चंद्राचीं तीं रिळें जेथें जेथें दाखविलीं जातील, छापलीं जातील, शाळेंत शिकविलीं जातील, तेथें "हीं १९१७ च्या आवृत्तीचीं असण्याचा संभव आहे" एवढें एक वाक्य असावें. त्यानें फाळक्यांची थोरवी तिळभरहि कमी होत नाहीं. उलट जळालेलें चित्र पुन्हां उभें करणाऱ्या माणसाची जिद्द लोकांस कळेल. जो चित्रपट सत्यवचनासाठीं राज्य, स्त्री व पुत्र सोडणाऱ्या राजाचा आहे, त्याच्या कपाळींच चुकीचें साल असावें, ही विसंगति आपण आणखी किती दिवस चालूं द्यावयाची?

दुसरी गोष्ट अडगळीची. बोथट तलवारीचें चित्र संग्रहालयांत सांपडलें नाहीं, बाजारांत सांपडलें. "मेट्रोपोलिस" हरवला जर्मनींत आणि मिळाला सातासमुद्रांपलीकडे. जत्रांतून तंबू ठोकून चित्रें दाखविणारीं मंडळी एके काळीं साऱ्या महाराष्ट्रांत हिंडत. त्यांच्या वारसांच्या माळ्यांवर, एखाद्या बंद चित्रपटगृहाच्या मागच्या खोलींत, गंजलेल्या डब्यांत काय आहे हें न पाहतांच तो डबा भंगारांत घालण्यापूर्वीं जाणत्या माणसास दाखवावा. ज्याला आपण रद्दी म्हणतों तें कोणाच्या तरी सरस्वतीबाईंच्या हातचें असूं शकेल. मात्र फीत नायट्रेटची असल्यास ती स्फोटक वस्तूइतकीच धोक्याची, म्हणून घरीं उघडून पाहण्याचें धाडस कोणीं करूं नये.

निघण्याच्या दिवशीं धाकट्या भाच्यानें आम्हांस पुन्हां छेडलें. "मामा, तुम्ही शेवटीं कोणाच्या बाजूचे?" आम्हीं म्हटलें, "चित्र पाहण्यापुरते दादाच्या. पण ज्यानें तें पुन्हां करून पाहिलें त्याच्या धाडसापुरते तुझ्या." हें उत्तर दोघांसहि पसंत पडलें नाहीं. एस.टी.ची वेळ होईपर्यंत पुनः ओसरीवर तीच भांडाभांडी चालली होती, आणि सासूबाई त्यांना हरिश्चंद्राचें जुनें चित्र लावून दाखवा म्हणून सांगत होत्या. दोन रिळांचें तें चित्र पोरांनीं मोबाईलवर शोधून काढलें. वर साल होतें १९१३. थोरल्यानें आमच्याकडे पाहिलें, आणि आजीला म्हणाला, "आजी, हें बहुधा दुसऱ्या वेळचें आहे हं. पहिलें गेलंय."